पाणीपट्टी वाढवताना: एका पसरत्या शहराचं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या, झपाट्याने पसरणाऱ्या शहराचं आहे. शहर ओळखू येऊ नये म्हणून नाव, लोकसंख्या आणि प्रत्यक्ष रकमा वगळल्या आहेत. जिथे हिशेब दाखवणं गरजेचं आहे तिथे जुना दर १०० धरला आहे आणि खर्चातली वाढ समजण्यापुरती वर्षाला ६ टक्के मानली आहे. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

दर किती वाढवायचा यावर सभागृहात रात्री उशिरापर्यंत चर्चा झाल्या. वाढ कोणत्या क्रमाने लोकांपर्यंत न्यायची, बिलाच्या आधी त्यांना काय दिसायला हवं, यावर त्या मानाने फारच थोडा वेळ खर्च झाला. मला या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट नेमकी तीच वाटते, म्हणून खाली आकड्यांइतकीच जागा क्रमालाही दिली आहे.

पार्श्वभूमी

शहराचे सरळ सरळ तीन भाग पडतात. नदीकाठचं जुनं गाव, तिथे नळ आहेत पण वाहिन्या जुन्या. त्याभोवती गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या वसाहती, तिथे वाहिन्या नव्या पण पाणी कमी दाबाने येतं. आणि अगदी कडेला, हद्दीत नुकत्याच आलेल्या वस्त्या, जिथे नगरपालिकेचा नळ पोचलेलाच नाही. या लोकांचं पाणी टँकरने येतं.

पाणी नदीतून उचलून टेकडीवरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यावं लागतं. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटार मिळून ६५ टक्के कार्यक्षमतेने चालत असतील तर प्रत्यक्षात ०.४२ युनिट. पंप झिजून कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली की ०.५५. इथले पंप झिजलेलेच होते. म्हणजे पाण्याचा एक थेंबही नळाला येण्याआधी विजेचं बिल तयार असायचं, आणि दुरुस्ती जितकी लांबवली तितकं ते फुगत गेलं.

पाणीपट्टी जोडणीच्या आकारावर होती. अर्धा इंची नळाला वर्षाला ठरावीक रक्कम, मग घरात दोन माणसं असोत की दहा. मीटर फक्त व्यापारी जोडण्यांना, आणि त्यातलेही बरेच बंद. मलनिस्सारणासाठी नावापुरती रक्कम मालमत्ता कराच्या बिलात शेवटच्या ओळीत छापलेली असे.

नऊ वर्षं यातला एकही दर बदलला नव्हता. दरवर्षी प्रस्ताव तयार व्हायचा, स्थायी समितीपर्यंत जायचा आणि तिथून ‘फेरविचारार्थ’ परत यायचा. कुणाला निर्णय घ्यावासा वाटला नाही असं म्हणता येईल, पण दर न वाढवणं हासुद्धा निर्णयच होता आणि त्याची किंमत कुणीतरी भरतच होतं. नळ असलेल्यांना पाणी स्वस्त मिळत राहिलं. वाहिनी वाढवायला पैसे उरले नाहीत म्हणून कडेच्या वस्त्यांना तेच पाणी टँकरने, कितीतरी पट महाग घ्यावं लागलं. कमी दराचा फायदा गरिबांना होतो असं सभागृहात वारंवार सांगितलं गेलं. सर्वांत गरीब घरांपर्यंत तर नळच पोचलेला नव्हता.

अडचण नेमकी कोणती होती

विषय ऐरणीवर आला तो पाण्यामुळे नाही, सांडपाण्यामुळे.

शहराला काही वर्षांपूर्वी अनुदानातून मैलाशुद्धीकरण केंद्र मिळालं होतं. अनुदान बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही. अशा केंद्रात जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची असते आणि त्या जिवाणूंना श्वास घ्यायला पाण्यात सतत हवा सोडावी लागते. हवा सोडणारे ब्लोअर केंद्राच्या एकूण विजेतली निम्म्याच्या आसपास वीज खातात. बिल परवडेना म्हणून ते दिवसाचे बरेच तास बंद ठेवले जात होते. नव्याने आलेल्या मुख्याधिकारी मॅडम पाहणीला गेल्या तेव्हा ऑपरेटरने टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरून त्यांच्यापुढे धरलं. चांगल्या चालणाऱ्या टाकीतला गाळ तपकिरी असतो, अर्ध्या तासात खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. इथे सगळं काळपट होतं, गाळ बसायचं नाव घेत नव्हता आणि कुजक्या अंड्यांचा वास येत होता. “मॅडम, सहा तास हवा बंद ठेवली की हे असं होतं. मग पुन्हा जिवंत करायला आठवडे जातात,” एवढंच तो म्हणाला. शुद्धीकरण केंद्र कागदोपत्री चालू होतं आणि नदीत जवळपास कच्चं सांडपाणी जात होतं.

हा वास ज्याचा, तोच हायड्रोजन सल्फाइड वायू जुन्या मुख्य गटारवाहिनीतही काम करत होता. वाहिनीत पाणी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेगाने वाहिलं तर ती स्वतःला साफ ठेवते. उतार बिघडला, गाळ साचला की वेग मंदावतो, वायू तयार होतो आणि पाण्याच्या पातळीच्या वरच्या भिंतीवर त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. एका चेंबरमधून वाहिनीच्या माथ्याचं काँक्रीट नखाने खरवडलं तरी भुकटी हातात येत होती. रस्ता खचायची वाट पाहायची की आधी बदलायचं, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

लेखा विभागाने हिशेब मांडला. नऊ वर्षांपूर्वी दर खर्चाला पुरत होता असं मानलं आणि खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर १०० चा खर्च आता १६९ झालेला असतो. दर मात्र १०० वरच. म्हणजे खर्चाच्या ५९ टक्केच भरून निघतात. उरलेलं सामान्य निधीतून जातं, म्हणजे रस्ते, दिवे आणि दवाखान्यांच्या पैशातून. यात घसारा धरलेलाच नव्हता. पंप, वाहिन्या, टाक्या कधीतरी बदलाव्या लागतील यासाठी बाजूला काही काढलंच जात नव्हतं.

पण हे इतकं सरळही नव्हतं. कमी दर, कमी वसुली आणि गळती ही तीन वेगळी भोकं आहेत आणि तिन्हींचा परिणाम तिजोरीत एकसारखाच दिसतो. दर वाढवून फक्त पहिलं बुजतं. पाणीपुरवठा अभियंत्यांनी त्यामुळे हट्ट धरला की आधी गळती मोजायची. एका विभागातल्या घराघरांच्या टाक्या संध्याकाळी भरून घेतल्या, दोन रात्री तो विभाग सतत दाबाखाली ठेवला आणि आत जाणाऱ्या वाहिनीवर मीटर बसवला. पहाटे दोन ते चार या वेळात माणसं जवळजवळ पाणी वापरत नाहीत, तेव्हा जे आत जातं ते बहुतेक जमिनीत जातं. काटा त्या वेळीही फारसा उतरला नाही. व्हॉल्व्हमनला हे वर्षानुवर्षं माहीत होतं. त्याने न मोजताच तीन जागा दाखवल्या आणि तिन्ही ठिकाणी खोदल्यावर गळती सापडली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा होता: आणखी एका अनुदानाची वाट पाहायची. कुणी तो उघडपणे मांडला नाही, पण सभागृहातल्या अनेकांच्या मनात तोच होता. मॅडमनी एका वाक्यात तो बाजूला केला. अनुदानातून नवं केंद्र मिळेल, त्याचेही ब्लोअर बंदच राहतील.

दुसरा पर्याय एकदम ६९ टक्के वाढीचा. लेखा विभागाला हा पसंत होता आणि त्यांच्या बाजूने एक ठोस मुद्दा होता. टप्प्याटप्प्याने चार वर्षांत तूट भरायची, तर खर्च दरम्यान वाढतच राहणार, म्हणून दरवर्षी सुमारे २१ टक्के वाढ करावी लागते. चार वर्षांनी दर १०० वरून २१४ वर जातो. एकदम वाढ करून पुढे दरवर्षी ६ टक्के वाढवत गेलं तरी चौथ्या वर्षी दर २१३ च्या आसपासच येतो. शेवट सारखाच. फरक मधल्या वर्षांत पडतो: टप्प्यांच्या वाटेने गेलं तर चार वर्षांत मिळून जुन्या दराने होणाऱ्या सव्वा वर्षाच्या उत्पन्नाइतकी रक्कम कमी येते. पंप बदलायला हेच पैसे लागणार होते.

हा हिशेब बिनचूक होता आणि तरीही मला वाटतं तो नाकारला हे योग्य झालं. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात २००० च्या सुरुवातीला खासगी कंपनीने पाण्याचे दर झटक्यात वाढवले, काही घरांची बिलं दुप्पट झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये करारच रद्द करावा लागला. आयर्लंडमध्ये घरगुती पाण्यावर २०१४ मध्ये आकारणी सुरू झाली, २०१६ मध्ये स्थगित झाली आणि नंतर भरलेले पैसेही परत केले गेले. दोन्ही ठिकाणची कारणं वेगळी, पण एक गोष्ट समान: सेवेत काही सुधारणा हाताला लागण्याआधी बिल पोचलं. अशा वेळी वाढ तर जातेच, शिवाय पुढची कित्येक वर्षं तो विषय काढायची कुणाची छाती होत नाही.

तिसरा पर्याय अभियंत्यांचा होता: आधी गळती थांबवू, वसुली सुधारू, मग दर बघू. नैतिकदृष्ट्या हा सर्वांत भक्कम. गळकी यंत्रणा चालवून लोकांकडे जास्त पैसे मागायचे कसे? अडचण अशी की गळती शोधायलाही पैसे लागतात, आणि तिजोरी रिकामी होती.

या चर्चेत कंबोडियाच्या नोम पेन्हचं उदाहरण समितीला उपयोगी पडलं. तिथल्या जलपुरवठा प्राधिकरणाची सूत्रं १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याने घेतली तेव्हा शहरात सोडलेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांहून जास्त पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. पुढच्या दीड दशकात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आणलं गेलं. जोडण्यांची शिरगणती, प्रत्येक जोडणीला मीटर, बड्या थकबाकीदारांकडूनही वसुली आणि सोबत टप्प्याटप्प्याने दरवाढ, असा तो क्रम होता. तीन टप्प्यांची वाढ ठरली होती, पण वसुली इतकी सुधारली की तिसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. कामं आणि दर हातात हात घालून चालले, हे त्यातलं महत्त्वाचं.

त्यावरून चौथा पर्याय तयार झाला आणि तोच स्वीकारला गेला: चार टप्प्यांत वाढ, प्रत्येक टप्प्याआधी ठरलेलं एक काम पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे, आणि सोबत मीटर.

जिथे खरा कस लागला

मीटर म्हटलं की वापराचेही टप्पे आले. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला चढा दर. प्रश्न पहिला टप्पा किती लिटरचा ठेवायचा हा. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला आणि माणशी रोज ५० ते १०० लिटर ही गरज सर्वसाधारणपणे मानली जाते. पाच माणसांच्या घराला ५० लिटरने महिन्याला ७,५०० लिटर होतात, १०० लिटरने १५,०००. दक्षिण आफ्रिकेने घरटी महिन्याला ६,००० लिटर मोफत देण्याचं धोरण स्वीकारलं, तिथे मोठ्या कुटुंबांना ते पुरत नाही ही तक्रार कायम राहिली. इथे पहिला टप्पा १०,००० लिटरचा ठरला.

मग हरकती आणि सूचनांची सुनावणी झाली आणि एका बाईंनी उभं राहून विचारलं, “साहेब, आमच्या वाड्यात एक नळ आहे आणि सहा बिऱ्हाडं आहेत. आम्ही पाणी जपून वापरलं तरी मीटर तर एकच फिरणार. मग आम्ही श्रीमंत ठरणार का?”

सहा कुटुंबं, प्रत्येकी ७,५०० लिटर, म्हणजे महिन्याला ४५,००० लिटर. प्रस्तावित तक्त्यात ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात जात होते. बागेला पाणी घालणारा बंगला आणि एका नळावरची सहा घरं एकाच रांगेत. चढत्या दरांचा हा जुना आणि जगभर दिसून आलेला दोष आहे, तरी मसुद्यात त्याचा विचार झालेला नव्हता. अभियंत्यांनी तिथेच सांगितलं, “ताई, तुमचं बरोबर आहे. हे बदलावं लागेल.” जोडणीमागे नोंदवलेल्या कुटुंबांच्या संख्येने टप्पे गुणायचे, अशी दुरुस्ती झाली. संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत मोलाची सुधारणा ही होती. ती तज्ज्ञांकडून आली नाही, सुनावणीतून आली. सुनावणी आणखी आधी, मसुदा कच्चा असताना झाली असती तर अशा आणखी किती गोष्टी हाती लागल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

काहींनी दुसरी वाट सुचवली होती. चिलीत १९८९ पासून दर खर्चाइतका ठेवून गरजू कुटुंबांच्या बिलातला काही भाग सरकार भरतं. पाण्याच्या दरात सवलत कोंबण्यापेक्षा हे स्वच्छ आहे. पण त्यासाठी गरजू कुटुंबांची भरवशाची यादी लागते आणि ती या शहराकडे नव्हती.

दुसरा पेच स्थिर आणि बदलत्या आकाराचा. पाणीपुरवठ्याचा बराचसा खर्च पाणी वापरा किंवा वापरू नका, होतोच. माणसांचे पगार, देखभाल, कर्जाचे हप्ते. सगळं उत्पन्न मीटरवर टांगलं की लोक पाणी जपून वापरू लागताच तिजोरीत खड्डा पडतो. १० टक्के दर वाढला की घरगुती वापर साधारण ३ ते ४ टक्क्यांनी घटतो, असा अनेक ठिकाणच्या अभ्यासांचा सूर आहे. लेखा विभागाच्या पहिल्या अंदाजात ही घट शून्य धरली होती. उलट बाजूला, स्थिर आकार फार मोठा केला तर कमी पाणी वापरणाऱ्याच्या माथी अन्याय येतो. शेवटी सुमारे एक तृतीयांश उत्पन्न स्थिर आकारातून, बाकीचं मीटरवरून, असं ठरलं. माझ्या मते हा वाजवी तोल आहे.

तिसरी गाठ मलनिस्सारणाची, आणि ती सगळ्यात अवघड. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं नियोजनात धरतात, म्हणून मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या बिलाच्या प्रमाणात लावणं सोपं. पण नव्या वसाहतींतल्या अनेक इमारती स्वतःच्या बोअरचं पाणी वापरत होत्या. त्यांचं नळाचं बिल लहान, गटारात मात्र पूर्ण भार. दुसरीकडे जुन्या गावातली कित्येक घरं गटारवाहिनीला जोडलेलीच नव्हती, त्यांच्याकडे शोषखड्डे किंवा सेप्टिक टाक्या. त्यांच्याकडून पूर्ण आकार घ्यायचा तर कशासाठी? बोअरवाल्या इमारतींना सदनिकांच्या संख्येवर आकार लावला. न जोडलेल्या घरांना कमी आकार ठेवून त्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत टाकी उपसून देण्याची हमी दिली. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती.

आणि वाढीचा भार कुणाचा? जुन्या गावातले लोक म्हणत होते, नव्या वसाहतींसाठी मोठी वाहिनी टाकायची तर आम्ही का भरावं. वसाहतींतले म्हणत होते, आम्ही बांधकाम परवानगीच्या वेळीच शुल्क भरलंय, ते कुठे गेलं? दोघांचंही म्हणणं खरं होतं. शुल्क घेतलं गेलं होतं, सामान्य निधीत गेलं होतं आणि तिथून खर्चही झालं होतं. म्हणून ठरावात दोन गोष्टी घातल्या गेल्या: नव्या जोडणीला क्षमतावाढीचं वेगळं शुल्क, आणि पाणी व मलनिस्सारणाचं स्वतंत्र बँक खातं, ज्यातून दुसऱ्या कामाला पैसा काढता येणार नाही. वाढत्या शहरात रोजचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा आणि वाढीव क्षमतेचा खर्च वाढीने उचलावा, हे तत्त्व मला न्याय्य वाटतं. वेगळं खातं नसेल तर मात्र ते तत्त्व फक्त भाषणापुरतं उरतं.

प्रत्यक्षात काय केलं

ठरावाआधी सुरुवात थकबाकीने झाली, आणि तीही सरकारी कार्यालयांपासून. सर्वांत मोठे थकबाकीदार तेच होते. त्यांची यादी नगरपालिकेच्या फलकावर लागली. घरगुती थकबाकीदारांना नोटिसा त्यानंतर गेल्या. हा क्रम मॅडमनी जाणीवपूर्वक धरला आणि त्याचा परिणाम सुनावणीत जाणवला. “आधी मोठ्यांकडून वसूल करा” हे वाक्य तिथे कुणाला उच्चारावंच लागलं नाही.

दरवाढीच्या पहिल्या टप्प्याआधी दोन पंप बदलले आणि मोजणी झालेल्या विभागातली गळती काढली. त्या विभागात दाब वाढला. पहिली वाढ लागू झाली तेव्हा तिथून फारशी तक्रार आली नाही, उरलेल्या शहरातून आली. लोकांनी तुलना आपोआप केली होती.

मीटर बसवताना एका प्रभागात तीन महिने नमुना बिल दिलं गेलं. जुनी रक्कमच भरायची, पण शेजारी मीटरप्रमाणे किती झालं असतं ते छापलेलं. एका घराला अशा बिलात वापर भलताच जास्त दिसला. मीटर खराब आहे म्हणून ते तक्रार घेऊन आले. मीटर काढून तपासणीला लावला तर बरोबर निघाला. मग कर्मचाऱ्याने घरी जाऊन शौचालयाच्या फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकला. बटण न दाबता काही मिनिटांत रंग खाली भांड्यात उतरला. अशी गळकी टाकी दिवसाला शेकडो लिटर घालवू शकते आणि आवाजही करत नाही. नमुना बिल होतं म्हणून हे भांडणाशिवाय उलगडलं. इतर प्रभागांत मीटर आणि खरं बिल एकाच महिन्यात आलं, तिथे अशाच तक्रारींसाठी काउंटरवर गर्दी उसळली.

दुसऱ्या टप्प्याआधीचं काम ब्लोअर चोवीस तास चालवण्याचं होतं. तेही झालं.

परिणाम

दोन टप्पे ठरल्याप्रमाणे लागू झाले. सामान्य निधीतून पाण्याकडे जाणारा पैसा कमी झाला, थांबला मात्र नाही. घरगुती वापर घटला, त्यामुळे उत्पन्न पहिल्या अंदाजापेक्षा कमी आणि सुधारित अंदाजाच्या जवळ आलं. वाचलेल्या पाण्यावर कडेच्या एका वस्तीपर्यंत वाहिनी पोचली आणि तिथले टँकर बंद झाले. माझ्या दृष्टीने हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं यश, पण नगरपालिकेच्या प्रसिद्धीपत्रकात त्याला एक ओळ मिळाली आणि दरवाढीच्या बातमीत तर तेवढीही नाही.

शुद्धीकरण केंद्रातला गाळ पुन्हा तपकिरी झाला. जुन्या मुख्य गटारवाहिनीचा सर्वांत खराब तुकडा बदलला गेला, उरलेला अजून तसाच आहे.

सेप्टिक टाक्या उपसण्याची हमी पाळता आली नाही. गाड्या पुरेशा नव्हत्या, आणि जुन्या गावाच्या बोळांत मोठी गाडी शिरतच नव्हती. लोकांनी कमी आकार भरला, टाकी मात्र खासगी माणसाकडूनच उपसून घेतली. आधी सेवा, मग आकार हा नियम पाण्याच्या बाबतीत पाळला आणि इथे मोडला, आणि वसुलीही नेमकी इथेच सर्वांत कमी राहिली.

तिसऱ्या टप्प्याच्या वेळी निवडणूक आली आणि वाढ एक वर्ष पुढे गेली.

वेगळं काय करता आलं असतं

नमुना बिल सगळ्या शहरात, किमान सहा महिने द्यायला हवं होतं. त्याचा खर्च छपाईपुरता असतो. मीटरवरचा विश्वास एकदा गेला की तो परत आणायला जे लागतं, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

पाणी आणि मलनिस्सारण एकाच ठरावात नको होते. पाण्याची सुधारणा नळाला दिसते. सांडपाण्याची सुधारणा दिसते ती नदीला, आणि तीही उशिरा. दोन्ही एकत्र आल्याने मलनिस्सारणावरची नाराजी पाण्याच्या वाढीवर निघाली. आधी पाणी, वर्षभराने मलनिस्सारण, आणि त्या वर्षात लोकांना केंद्र दाखवायला नेणं, असा क्रम जास्त टिकला असता. काळा आणि तपकिरी असे ते दोन नमुने शेजारी ठेवून दाखवले असते, तरी बरंच काम झालं असतं.

टाकी उपसण्याच्या हमीत बोळांची रुंदी कुणीही मोजली नव्हती. लहान गाड्या आधी घ्यायच्या, दोन प्रभागांत चालवून पाहायच्या आणि मग आकार लावायचा होता.

पण सर्वांत महाग पडला तो मूळ मसुद्यातून गाळलेला एक परिच्छेद. चार टप्पे संपल्यावर, आणि एखादा टप्पा चुकला तरीही, वीज, रसायनं आणि पगार यांच्या वाढीच्या सूत्राने दर दरवर्षी आपोआप थोडा वाढेल आणि सभागृहाला तो रोखायचा असेल तर कारण नोंदवून रोखता येईल, अशी ती तरतूद होती. सभागृहाचा अधिकार जातो म्हणून ती वगळली. खरं तर त्यात अधिकार अबाधित होता. फक्त गप्प राहून वाढ टाळणं शक्य नव्हतं, टाळायची तर हात वर करून टाळावी लागली असती.

ती तरतूद नसल्याने पुढे ढकललेल्या वर्षाचा हिशेब आता असा आहे. चौथ्या वर्षीच सगळी तूट भरायची तर एकदम ४६ टक्के वाढ हवी. दोन वर्षांत भरायची तर दरवर्षी २४ टक्के, तीन वर्षांत तर १८ टक्के. नव्या सभागृहापुढे हे तीन आकडे ठेवले गेले आहेत. अभियंत्यांनी १८ टक्क्यांची शिफारस केली आहे, सोबत गाळलेला परिच्छेद जसाच्या तसा पुन्हा जोडला आहे आणि लहान उपसा गाड्यांची खरेदी त्याआधीच्या कामांत घातली आहे.